एक भिंत निळी हवी!

दिवाळी तोंडावर आली की घराघरांत एक चर्चा ठरलेली असते. या वेळी रंग कोणता द्यायचा? बाबा म्हणतात, "क्रीमच. खोली उजळ दिसते." आई म्हणते, "मागच्या वेळचाच द्या, बाकीच्या खोल्यांना जुळतो." आणि पुण्याहून सुट्टीला आलेले तुम्ही मोबाईल पुढे करता. स्क्रीनवर एक खोली. लाकडी पलंग, पांढरी चादर, कोपऱ्यात पितळी समई आणि पलंगामागे एकच भिंत निळी. गडद नेव्ही नाही, बाळाच्या खोलीसारखी फिकट आस्मानीही नाही. जरा राखट, जरा धुरकट, मधल्या ताकदीची. "असा निळा हवाय मला!" घरात दोन सेकंद शांतता. मग आजी चष्मा सारखा करून बघते आणि म्हणते, "अगं, हा तर आपल्या जुन्या घराचा रंग!"

सध्या हा निळा जिकडेतिकडे दिसतोय. कॅफेत, रील्समध्ये, नव्या फ्लॅटच्या जाहिरातींत. पण तो तुमच्या भिंतीवर आणायचा तर दुकानात जाऊन स्क्रीनशॉट दाखवणं पुरेसं नाही. आधी तुमच्या खोलीतला उजेड बघावा लागेल, भिंतीची ओल बघावी लागेल आणि घरातल्या माणसांशी बोलावंही लागेल. सातारा-सांगलीत राहणाऱ्यांना तर या तिन्ही गोष्टी चुकत नाहीत. चला, एकेक बघू.

आजीचं बरोबर आहे

शेडकार्डवर या रंगाला काहीही भारी इंग्रजी नाव असू दे. आपल्याकडच्या गावांत हा मळकट निळा पिढ्यान् पिढ्या नांदतोय. त्याची कृती आजीला विचारा. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, गाळायचा, त्यात कपड्यांना घालायची नीळ कालवायची, चिकटपणाला थोडा डिंक आणि मग कुंच्याने भिंतीवर दोन हात मारायचे. ओलं असताना रंग गडद दिसतो. वाळला की दोन पायऱ्या खाली उतरतो आणि त्याच्यावर चुन्याची पांढुरकी साय येते. आज ज्याला 'म्यूटेड' म्हणतात ना, ती हीच साय.

गंमत बघा, चुन्यात नीळ अगदी चिमूटभर घातली तर भिंत निळी दिसत नाही, उलट जास्त पांढरी दिसते. पांढऱ्यातली पिवळसर झाक निळ्याने मरते, म्हणून. शाळेचा पांढरा शर्ट आणि आजोबांचं धोतर निळीच्या पाण्यातून काढायचे ते याच कारणासाठी. नीळ मूठभर झाली की मात्र माजघराचा तो ओळखीचा निळा तयार.

तुम्ही तासगाव किंवा कवठेमहांकाळकडचे असाल तर या रंगाशी तुमची आणखी एक ओळख आहे. द्राक्षबागेत डाऊनी येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारतात, ते आठवा. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी 100 लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. 1880च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या द्राक्षमळ्यांत हे औषध पुढे आलं, म्हणून हे नाव. नुसतं मोरचूद पाण्यात टाकलं की झगझगीत निळं पाणी होतं. त्यात चुन्याची निवळ पडली की तोच रंग दुधाळ, मऊ होतो. मग पानं, तारा, खांब, फवारणाऱ्याचा शर्ट, सगळ्यांवर त्याचे डाग राहतात. माजघराच्या भिंतीत आणि द्राक्षबागेत किमया एकच आहे : चुना भडक निळ्याला शांत करतो. (पण हे मोरचूद घरातल्या भिंतीवर वापरायच्या भानगडीत पडू नका. ते विषारी असतं. बागेतलं बागेत राहू दे.)

आणि साताऱ्याचे असाल तर एखाद्या सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढा आणि पश्चिमेकडे बघा. जवळचा डोंगर हिरवा किंवा तपकिरी. त्याच्या मागचा निळसर. त्याच्याही मागचा राखट निळा, आणि शेवटचा तर आभाळात विरघळल्यासारखा. डोंगर काही निळे नसतात. मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, म्हणून अंतर वाढेल तसा निळा चढत जातो. दुकानात रंग सांगताना "इंग्रजी नाव आठवत नाही" म्हणून अडू नका. "दुसऱ्या डोंगराचा निळा" म्हणालात तरी इथला पेंटर समजून घेईल. साड्यांच्या दुकानात तर आपल्याकडे निळ्याचं अख्खं कुटुंबच आहे : आस्मानी, मोरचुदी, चिंतामणी, राजवर्खी. तुमचा निळा या सगळ्यांचा जरा थकलेला, शांत भाऊ.

एका पुडीमागची गोष्ट

'नीळ' हा शब्द मुळात झाडाचा. त्या झाडाच्या पानांपासून कापड रंगवायची नीळ करत. पुढे कपड्यांना घालायच्या निळ्या पुडीला आपण तेच नाव दिलं, पण त्या पुडीतली वस्तू वेगळी आहे. तिचं नाव अल्ट्रामरीन. अर्थ, 'समुद्रापलीकडचा'. पूर्वी हा रंग लॅपिस लाझुली नावाचा दगड कुटून काढत. आपल्या जुन्या ग्रंथांत त्याला राजावर्त म्हटलंय. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा आणि युरोपात तो इतका महाग होता, की चित्रकार तो जपून, मोजून वापरायचे.

मग 1824 साली फ्रान्समधल्या एका संस्थेने बक्षीस लावलं : हा रंग स्वस्तात बनवून दाखवा आणि सहा हजार फ्रँक घेऊन जा. 1828 मध्ये ते बक्षीस ज्याँ-बाप्तिस्त गिमे याला मिळालं. त्याच सुमारास जर्मनीत ख्रिश्चन ग्मेलिन यानेही आपली रीत शोधून काढली. माल काय? पांढरी चिकणमाती, सोडा, गंधक आणि कोळसा, भट्टीत तापवलेले. राजेरजवाड्यांचा दगड अशा रीतीने किराणा दुकानाच्या पुडीत आला आणि तिथून आपल्या माजघरात.

आता हे सगळं तुम्हाला कशाला सांगतोय? कारण यात एक कामाची गोष्ट आहे. चुना फार तीव्र अल्कली असतो. बरेच रंग त्यात मरतात. प्रशियन ब्लू नावाचा प्रसिद्ध निळा चुन्यात घातला तर तपकिरी पडतो. अल्ट्रामरीनला मात्र चुन्याचं काही वाटत नाही. त्याचं वैर आम्लाशी. आपल्या आज्या-पणज्यांना रसायनशास्त्र शिकवायला कुणी गेलं नव्हतं, पण चुन्यात कोणती पुडी टिकते हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

तेव्हा गावाकडच्या घरात एखादी चुन्याची भिंत निळी करायची हौस असेल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, नीळ पावडरचीच घ्या. बाटलीतली पातळ नीळ हा विरघळणारा रंग असतो, तो उन्हात आणि चुन्यात टिकायचा नाही. दोन, कळीचा चुना पाण्यात टाकला की खदखदतो. डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच, आणि जवळपास लहान मुलं नकोत. तीन, ज्या भिंतीवर आधीच लांबी भरून प्लास्टिक पेंट मारलाय, तिच्यावर चुना धरत नाही. चुन्याला पिणारी भिंत लागते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सरळ शेडकार्डवरचा इमल्शन घ्या. तोच निळा, कृती नवी.

स्क्रीनवरचा निळा, भिंतीवरचा निळा

इथे बहुतेकांची फसगत होते. मोबाईलवर बघून शेड ठरवला, भिंतीवर आला तर वेगळाच. दुकानदाराने फसवलं का? नाही हो. मोबाईलची स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते. भिंत तुमच्या खोलीतलाच उजेड परत करते. जसा उजेड तसा रंग.

काही कंपन्यांच्या शेडकार्डच्या मागे एलआरव्ही असा आकडा असतो. पडलेल्या उजेडातला किती टक्के ही भिंत परत करते, त्याचा हा हिशोब. शून्याकडे काळा, शंभराकडे पांढरा. क्रीम साधारण 75 ते 80च्या घरात असतो. आपला मधला निळा साधारण 30 ते 45च्या मध्ये कुठेतरी. म्हणजे क्रीमची भिंत निळी केली की तिच्याकडून येणारा उजेड निम्म्यावर येतो. चारही भिंती निळ्या केल्यावर "खोली अंधारी झाली" असं बाबा म्हणाले, तर ते उगाच म्हणत नाहीत. म्हणूनच बहुतेक घरांना एक भिंत पुरते.

पुढचं गणित तुमच्या गावाचं. जत, आटपाडी, माण, खटाव या भागात वर्षातले कितीतरी महिने ऊन असं असतं, की पांढरी भिंत डोळ्यांवर येते. तिथे हा राखट निळा म्हणजे दुपारी लिंबाखाली बसल्यासारखं वाटतं. तेच महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळ्याकडे पावसाळ्यात कितीतरी दिवस खिडकीबाहेर धुकं आणि पाऊस. उजेडच मुळी करडा-निळा. त्यात उत्तरेला खिडकी असलेली खोली आणि भिंतीवर राखट निळा, म्हणजे ऑगस्टमध्ये खोलीत बसल्या बसल्या उदास वाटायला लागेल. तिथे किंचित हिरव्याकडे झुकणारा निळा घ्या, किंवा दक्षिणेचं ऊन येणाऱ्या खोलीत हा प्रयोग करा.

सांगलीत किंवा साताऱ्यात पश्चिमेला खिडकी असेल तर संध्याकाळी पाचचं पिवळं ऊन निळ्यावर पडून तो राखाडी, कधी हिरवटही दिसतो. रात्री तर खेळ अजून बदलतो. आपल्या घरांतल्या पांढऱ्याशुभ्र एलईडी ट्यूब बहुतेक 6500 केल्विनच्या असतात. त्या उजेडात राखट निळा दवाखान्यासारखा थंडगार दिसायला लागतो. 3000 केल्विनच्या आसपासचा पिवळसर बल्ब लावला तर तीच भिंत माणसात येते. रंगाच्या डब्यावर हजारो घालवण्याआधी एक बल्ब बदलून बघा. हा सगळ्यात स्वस्त मेकओव्हर.

मग शेड ठरवायचा कसा? त्या इवल्याशा चौकोनावरून तर मुळीच नाही. आवडलेल्या दोन-तीन शेडचे छोटे डबे घ्या. दोन फूट बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा. वाळले की त्याच भिंतीवर टेकवून ठेवा आणि दोन दिवस नुसते बघा. सकाळी आठला, भर दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री ट्यूब लावून. एक सूत्र सांगतो : कार्डवर "हा जरा जास्तच मळका वाटतोय" असा जो शेड असतो, तोच बहुधा भिंतीवर बरोबर बसतो. कार्डवर छान, स्वच्छ निळा दिसणारा अख्ख्या भिंतीवर अंगावर येतो.

आणि हो, "निळ्याने खोली थंड होते" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. डोळ्यांना थंड वाटतं, पण थर्मामीटर हलत नाही. खरंच गारवा हवा असेल तर गच्चीवर पांढरा चुना मारा.

निळा चुगली करतो

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कृष्णाकाठच्यांसाठी खास.

2005, 2019, 2021. सांगलीकरांना या सालांपुढे काही लिहायची गरज नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. तुमच्याही घरात कदाचित आई अजून हात वर करून दाखवत असेल, "इथपर्यंत आलं होतं."

पूर ओसरतो, चिखल निघतो, भिंती धुतल्या जातात. ऊन पडतं आणि भिंत कोरडी दिसायला लागते. घरातल्या सगळ्यांना एकच घाई असते, ती रेघ डोळ्यांसमोरून जाऊ दे. लगेच लांबी, प्रायमर, रंग. पण भिंत वरून वाळते तेव्हा आतून ओलीच असते. विटांनी आणि मातीने प्यायलेलं पाणी बाहेर पडायला काही आठवडे, जाड जुन्या भिंतीत तर काही महिने लागतात. त्यावर प्लास्टिक पेंटचा पापुद्रा चढवला की पाणी आत कोंडतं. मग रंगाचे पोपडे सुटतात आणि पाण्याबरोबर आलेले क्षार पांढऱ्या खारीसारखे भिंतीवर फुटतात.

क्रीम रंगावर ही खार पटकन दिसत नाही. मधल्या निळ्यावर ती लांबूनही दिसते. क्रीम झाकतो, निळा चुगली करतो. त्यामुळे पूर येऊन गेलेल्या किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर हा रंग द्यायचा असेल तर आधी एक परीक्षा घ्या. हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवा. एक-दोन दिवसांनी काढा. आतल्या बाजूला दव साचलं असेल किंवा भिंत गडद झाली असेल, तर थांबायचं. कितीही घाई असो, कुणाचंही लग्न असो. ओल्या भिंतीला दिलेला रंग म्हणजे पैसे पुन्हा एकदा पाण्यात.

आणि घर जुनं असेल, दगड-मातीचं, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचं, तर पेंटरने "प्लास्टिक मारू, टिकतं" म्हटलं तरी दोनदा विचार करा. अशा भिंती आतली ओल बाहेर टाकत असतात. चुना ती जाऊ देतो, प्लास्टिक पेंट अडवतो. म्हणजे आजीच्या घराला आजीचाच निळा चांगला. यात भावनेचा भाग असेल तर असू दे. भिंत वाचते, हे महत्त्वाचं.

"तो रंग नको"

भिंत झाली, उजेड झाला. आता माणसं. कारण निळ्याचा विषय काढलात की एखाद्या घरात कुणीतरी आवाज खाली करून म्हणतं, "तो रंग नको. लोक काय म्हणतील?" काय म्हणतील, हे कुणी बोलत नाही. सगळ्यांना कळतं मात्र. निळा 'त्यांचा' रंग.

हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून सरळ बोलू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1942 मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केलं, त्याचा झेंडा निळा होता. तेव्हापासून निळा हा महाराष्ट्रात स्वाभिमानाचा रंग झाला. कितीतरी घरांच्या भिंतींवर, कमानींवर तो याच अर्थाने आणि अभिमानाने लावलेला असतो. आणि ही गोष्ट लांबची नाही. लहानग्या भीमरावाने 7 नोव्हेंबर 1900 रोजी शाळेत नाव घातलं ते साताऱ्यात. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि 7 नोव्हेंबर हा दिवस 2017पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. साताऱ्यात राहून निळ्याला नाक मुरडायचं, म्हणजे आपल्याच गावाचा इतिहास वाचला नाही म्हणायचं.

आता दुसरं टोक बघा. राजस्थानातल्या जोधपूरच्या जुन्या वस्तीत घरंच्या घरं निळी आहेत. तिथे सांगितलं जातं, की हा रंग मुळात ब्राह्मणांच्या घरांची खूण होता. चुना तोच, निळा जवळपास तोच. एका गावात तो एका जातीची खूण, दुसऱ्या गावात दुसऱ्या समाजाची. रंगाला जात नसते. ती चिकटवणारी माणसं असतात.

मग तुम्ही काय करायचं? घरात वाद घालून दार आपटायला मी सांगणार नाही. पण "लोक काय म्हणतील" या वाक्यापाशी गप्पही बसू नका. शांतपणे विचारा, "म्हणजे नक्की काय म्हणतील?" हा प्रश्न मोठ्याने विचारला ना, की उत्तर देणाऱ्यालाच ते बोलायला जड जातं. कदाचित त्या दिवशी रंग ठरणार नाही. पण घरात जे कधीच बोललं गेलं नव्हतं, ते बोललं जाईल. आणि तुमच्या घरात निळा अभिमानाने आधीपासूनच असेल, तर ट्रेंडवाले आत्ता आलेत, तुम्ही आधीचे आहात. तुम्हाला शेडकार्ड कुणी शिकवायची गरज नाही.

निळ्याला सोबत लागते

रंग पक्का झाला? मग शेवटचं काम त्याच्या जोडीदारांचं. राखट निळा एकटा असला की खोली गार आणि परकी वाटते. त्याला ऊब देणारं कुणीतरी लागतं. रंगचक्रात निळ्याच्या समोर बसतो नारिंगी, आणि तपकिरी, पितळी, हळदी हे सगळे नारिंगीचेच नातेवाईक. सुदैवाने आपल्या भागात ही मंडळी घरातच सापडतात. सागवानी कपाट. माळ्यावर पडलेला पितळी हंडा किंवा घंगाळ. मिरजेच्या तंबोऱ्याचा तो भोपळा बघा, त्याचा तांबूस तपकिरी रंग निळ्यासमोर कसा उठून दिसतो! सांगली तर हळदीची पेठ. पलंगावर हळदी रंगाची एक चादर किंवा खणाची उशी टाकली तरी भिंत बोलायला लागते. गेरूचा तांबडाही चालतो, कुंडीपुरता.

छत पांढरंच ठेवा, उजेड परत यायला ते लागतं. खाली शहाबादी फरशी असेल तर ती मुळात करडी-निळसर, म्हणून एखादी सतरंजी हवीच. चमकणारा फिनिश टाळा. भिंतीचा प्रत्येक उंचवटा त्यात दिसतो, आणि या रंगाची साय मॅटमध्येच खुलते.

हिशोब फार मोठा नाही. दहा बाय दहा फुटांची एक भिंत म्हणजे 100 चौरस फूट. दोन हातांना साधारण दीड लिटर इमल्शन लागतो. डब्यावर कव्हरेज लिहिलेलं असतं, ते वाचा. शेडचा कोड मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी सोफ्याचा ओरखडा झाकताना तो कामी येईल.

भाड्याच्या खोलीत राहताय? घरमालक खिळा मारू देत नाहीत, भिंत कुठली रंगवू देतात! मग पुस्तकांच्या मांडणीच्या मागे निळा पुठ्ठा लावा. एखादं जुनं स्टूल रंगवा. गावाकडच्या घरी गेलात तर भिंतीतली एक देवळी रंगवा, एवढीच. फूटभर रुंद, फूटभर उंच. पुडीतली नीळ, वाटीभर चुना, अर्ध्या तासाचं काम. आवडलं तर पुढच्या दिवाळीला भिंत. नाही आवडलं तर पांढऱ्याचा एक हात मारला की झालं.

आणि ती देवळी रंगवून झाली की एक करा. दिवेलागणीला, लाईट लावायच्या आधी, तिच्यासमोर पाच मिनिटं बसा. उजेड कमी होत जातो तसा आपला डोळा तांबड्यापेक्षा निळ्याला जास्त ओळखायला लागतो. पुर्किने नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे फुलांकडे बघून टिपलं होतं. तांबडी फुलं काळी पडत गेली, निळी उजळ दिसत राहिली. तसंच इथे होईल. खोलीतल्या बाकीच्या वस्तू विझत जातील आणि तो चौकोन तेवढा मागे राहील.

आजीला शेजारी बसवा. जुन्या घरात त्या देवळीत काय ठेवायचे, ते तीच सांगेल.